पायडलातलं कुंकू

आमचे हे ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. चार जाड तारांची गिटार असते ती. ऐकणाऱ्याच्या कानाला ती वेगळी कळत नाही, पण थांबली की गाण्याखालचं अंथरूण कोणी ओढून घेतल्यासारखं वाटतं. ऑर्केस्ट्राची पार्टी जालन्याची होती आणि आम्ही कुंभार पिंपळगावला राहायचो. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. सासरे मी लग्न होऊन येण्याआधीच गेले होते.

नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. पार्टीच्या सेठनं मोठा कीबोर्ड आणला होता. तो वाजवणारा माणूस डाव्या हातानं बेस वाजवायचा आणि उजव्या हातानं बाकी सगळं. तेव्हापासून ह्यांच्या जिवाला घोर लागला. गिटारवाला ठेवायचाच कशाला, असं पार्टीतले लोक त्यांच्या तोंडावर बोलायचे. सेठ म्हणायचा, "तुझ्या त्या पायडलामुळं ठेवून राह्यलो तुला. न्हाईतर तुझं काम ह्याचा डावा हात करतो."

ते पायडल म्हणजे काय ते सांगते. पार्टीतले लोक त्याला वावा म्हणायचे. लोखंडी पेटी, चपलेएवढी, आणि तिच्यावर बिजागरीनं बसवलेली पट्टी. गिटारची वायर पेटीत जायची आणि पेटीतून स्पीकरला. पट्टीवर पाय ठेवून टाच दाबली की आवाज घशात गेल्यासारखा व्हायचा, ऊ. पंजा दाबला की तोंड उघडायचं, वा. वाजवता वाजवता पाय हलवला की तार बोलतेय असं वाटायचं. बाजारात मिळायचं ते साध्या गिटारचं. ते बेसला लावलं तर खालचा जाड आवाजच निघून जायचा आणि ह्यांची गिटार पत्र्यासारखी वाजायची. म्हणून जालन्याच्या एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसानं ह्यांना वेगळं बनवून दिलं होतं. पट्टी भंगारातल्या जीपच्या एक्सलेटरची. आत आवाज कमीजास्त करायचं गोल बटण असतं तसलं एक, त्याला ते लोक कंट्रोल म्हणतात. पट्टी हलली की रेडिओच्या काट्याला असते तसल्या दोरीनं तो कंट्रोल फिरायचा. आणि जाड आवाज वेगळ्या वाटेनं सरळ बाहेर. मी शिवणकाम करते, म्हणून मला ते असं कळलं की अस्तर सरळ ठेवायचं आणि चुण्या फक्त वरच्या कापडाला घालायच्या.

हे सगळं मला ह्यांनी सांगितलं नाही. त्या माणसाच्या दुकानात मी स्टुलावर बसले होते, हे चहाला गेले होते. तो काम करता करता बोलत होता, मी ऐकतेय असं काही त्याला वाटत नव्हतं. तरी म्हणाला, "वैनी, ह्याच्यात धूळ गेली की खरखर करतंय. काही घाबरायचं न्हाई. झाकण काढायचं, कंट्रोलात पेट्रोलचे दोन थेंब टाकायचे आन वीस-पंचवीस डाव इकडून तिकडं फिरवायचं. बस." मी मान हलवली. त्यानंतर दोन वेळा मी ते घरी केलंसुद्धा, ह्यांना न सांगता. मशीनच्या तेलाच्या बाटलीशेजारी पेट्रोलची एक छोटी बाटली मी ठेवून दिली होती. हे म्हणायचे, "माझं पायडल बघा, कधी खरखर करत न्हाई."

मी चौथी शिकले. लोकांत मला बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. माणूस समोर आला की माझी मान खाली जाते. पण मशीनच्या पायडलवर माझा पाय चांगला चालतो. हळू, जोरात, एका टाक्यावर थांबवायचं म्हटलं तर एका टाक्यावर. हे घरी नसले की मी गिटार आडवी मांडीवर घ्यायचे, अंगठ्यानं एकच तार वाजवायचे आणि पायानं ते तोंड उघडायचे, मिटायचे. छोटा स्पीकर घरात होताच. सासूबाई शेजारी गेलेल्या असायच्या. गाणं वगैरे मला येत नव्हतं. नुसतं ते ऊ आणि वा.

एकदा हे अवेळी परत आले आणि दारात उभे राहिले. मी गिटार खाली ठेवली. ते हसले फक्त. मला वाटलं, झालं, संपलं.

नवरात्रात सकाळी पार्टीतले दोघं घरी आले. एक ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा विजेवरचा ढोल, वाजवणारा आणि एक माईकवर बोलणारा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सेठकडे तालीम होती आणि त्या तालमीत ठरणार होतं, ह्यांना ठेवायचं की कीबोर्डवरच भागवायचं. ते सांगायलाच आले होते. मी चहा देऊन आत गेले. सासूबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या.

ह्यांचा आवाज आला, "भाऊ, आमच्या घरात नवीन आर्टिस्ट तयार झाल्यात, माहीत हाय का?"

"कोण?"

"ए, बाहेर ये."

मी दाराआड उभी राहिले.

"ये ना. लाजू नको, हे खात न्हाईत तुला."

"राहू द्या ना," मी म्हणाले.

"राहू द्या काय? मी नसल्यावर बरं चालतंय. आज मी गिटार धरतो, तू पायडल मार. ये."

माईकवाला उठून उभा राहिला आणि स्टेजवर बोलतो तसा बोलला, "तर मंडळी, आता आपल्यासमोर येत आहेत, खास आपल्या आग्रहास्तव, वैनीसाहेब!" त्यानं टाळ्या वाजवल्या. ऑक्टोपॅडवाल्यानंही वाजवल्या. ह्यांनी माझं मनगट धरून मला पुढं ओढलं आणि पायडल माझ्यापुढं सरकवलं. पाय ठेवायला लुगडं थोडं वर घ्यावं लागतं. मी घेतलं.

हे वाजवू लागले आणि मी पाय हलवला. खाली मान होती माझी, पायाकडेच बघत होते. थोड्या वेळानं मी विसरले की कोणी बघतंय. हे स्वतः वाजवताना घाईघाईनं पंजा दाबायचे, मी तो मुद्दाम उशिरा दाबला. तार आधी दाबून धरल्यासारखी राहिली आणि मग उघडली. ऑक्टोपॅडवाला हसायचा थांबला.

"च्यायला," तो म्हणाला, "वैनी तुझ्यापरीस बराबर मारून राह्यल्या की रे."

ह्यांनी गिटारवर हात ठेवला. आवाज बंद झाला. मला वाटलं आता मला आत जाऊ देतील.

"टाच बघितली का तिची?" हे म्हणाले. "पायडलाची पट्टी खरवडून टाकली असंल. ह्या भेगांत करडई पेरली तर उगवून येईल."

दोघं हसले. ऑक्टोपॅडवाला सगळ्यात जोरात, कारण आधी तो चुकीचं बोलून बसला होता.

"आन चौथी पास हाय बरं का," हे पुढं म्हणाले. "टाच खाली, पंजा खाली, ह्याला डोकं लागतच न्हाई. म्हणून जमतंय. दोन दिवस दिले तर आपला बैल बी शिकंल."

"मंग बैलालाच न्यायचं ना तालमीला," माईकवाला म्हणाला, "सेठला खर्चा कमी."

सासूबाई सूप खाली ठेवून हसत होत्या. त्यांना असं हसताना मी लग्नापासून पाहिलं नव्हतं. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "बोलायला लागलं तर तोंडात गोळा येतोय, आन पाय बघा कसा चालून राह्यला!"

"आता पूस ते," ह्यांनी मला सांगितलं. "पायाची घाण लागली. आत कुठं जाऊन राह्यली? पदरानं पूस."

मी खाली बसून पदरानं पायडल पुसलं. माईकवाला म्हणाला, "बास वैनी, चमकलं." मग मी आत जाऊन भाकरी केल्या. ते दोघं जेवून गेले.

चार दिवसांनी खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा करतात, ज्याच्यावर पोट चालतं त्याची. मी देवाजवळ पाट मांडून माझी कात्री ठेवली, विळा ठेवला, गिटार ठेवली, शिवणयंत्राच्या डोक्यावरचं झाकण काढलं. पायडल सासूबाईंनी स्वतः आणून ठेवलं. त्या विधवा, म्हणून हळदकुंकवाला हात लावत नसत. त्या मागे बसून सांगायच्या आणि मी करायचे. हे तेव्हा शेताकडं गेले होते.

सासूबाईंच्या मनात त्या पायडलाची धास्ती होती. वाद्याला पाय लागला तर आपण हात लावून कपाळाला लावतो. आणि इथं त्यांचा मुलगा वर्षभर वाद्यावर पाय देऊनच उभा. त्यांचे वडील भजनात पखवाज वाजवायचे, पखवाजाला उशाशी घेऊन झोपायचे म्हणे. सासूबाईंना वाटत होतं की कीबोर्डवाल्याचं हे जे मागं लागलंय, ते ह्या पायाच्या पापामुळंच.

मी पायडलाला हळदकुंकवाचं एक बोट लावलं.

"एवढ्यानं काय हुतंय?" त्या म्हणाल्या. "वर्षभर पाय देतोय त्याच्यावर. माफी मागायची तर बराबर मागावी. टाक अजून."

मी चिमूटभर कुंकू टाकलं.

"अजून. हळद बी टाक. अक्षता टाक."

पट्टी आणि पेटी यांच्या मधे बोटभर फट होती, दोरी आत जायची तिथं. मी टाकलेलं कुंकू पट्टीवरून त्या फटीत घसरत होतं. मला दिसत होतं. मी म्हणू शकत होते, आत्याबाई, आत जातंय, बिघडंल. त्या ओरडल्या असत्या, पण ऐकलं असतं, कारण मुलाच्या कामाची गोष्ट होती.

"अजून टाकू?" मी विचारलं.

"टाक ना. हात काय आखडून राह्यली?"

मग मी मूठ भरून टाकलं. हळद, कुंकू, तांदूळ. वरून त्यांनी पळीभर पाणी सोडायला सांगितलं, तेही सोडलं. त्यांनी लांबून हात जोडले. "माझ्या लेकाला संभाळ," असं त्या पायडलाला म्हणाल्या.

पुजलेल्या हत्यारांना दसरा होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असं आमच्या घरात होतं. ह्यांनीही लावला नाही. आईचं म्हणणं, आणि त्यांना स्वतःलाही त्या तालमीची भीती होती, तेव्हा देवाचं काही मोडायला नको. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंगणात आरसा टांगून दाढी करत होते. मी पूजा उचलली. पायडल उचलताना पट्टी हातानं एकदा दाबली. आवाज नव्हता, वायर लावलेली नव्हती, पण हाताला कळलं. आत करकर लागली. मशीनमध्ये वाळू गेल्यावर लागते तशी.

मी फळीवरची पेट्रोलची बाटली घेतली. बूच काढलं. झाकणाचे चार स्क्रू, दोन थेंब, वीस-पंचवीस वेळा फिरवणं. त्यांची दाढी होईपर्यंत काम झालं असतं. बाहेर ते शीळ घालत होते, तालमीत वाजवायचं गाणं असावं. मी बूच लावून बाटली परत ठेवली. मला राग आला होता म्हणून असं केलं, हे लिहिलं तर खोटं होईल. राग त्या सकाळी नव्हताच. मला बरं वाटत होतं.

वरवर दिसेल ते सगळं मी स्वच्छ पुसलं. पदरानंच पुसलं. त्यांनी पायडल पिशवीत घातलं.

मीही बरोबर गेले, कारण सेठच्या बायकोला ब्लाउज शिवायचे होते आणि तिनं मापाला बोलावलं होतं. घनसावंगीपर्यंत जीपनं गेलो, पुढं बसनं. जीपमध्ये हे माझ्याशी चांगलं बोलले. म्हणाले, "आज झालं ना बराबर, तर तुला साडी घेतो." मी खिडकीबाहेर बघत राहिले. ते म्हणाले, "लाजली का?"

सेठच्या घराच्या खालच्या खोलीत तालीम होती. दाराशी सतरंजीवर मी आणि सेठची बायको बसलो. सगळी पार्टी होती, कीबोर्डवाला, ऑक्टोपॅडवाला, माईकवाला. पहिलं गाणं साधं झालं, ह्यांचा हात चांगला चालला. सेठनं मान डोलावली. मग म्हणाला, "आता तुझं ते बोलणारं दाखव."

ह्यांनी पाय ठेवला आणि दाबला. स्पीकरमधून खर्र असा आवाज आला, इतका मोठा की सेठच्या बायकोनं कानावर हात घेतले. त्यांनी परत दाबला. परत तेच. ऊ नाही आणि वा नाही, नुसतं खर्र.

"भाऊ, पापड तळून राह्यले का?" कीबोर्डवाल्यानं विचारलं.

ह्यांना घाम आला. ते वायर काढून परत लावू लागले, मग पायानं भराभर हलवू लागले. आत ओलं होऊन बसलेलं कुंकू आणखी पसरलं असणार. सेठ म्हणाला, "खोल ते."

झाकण काढलं. आत सगळं लाल आणि पिवळं, कंट्रोलावर थर चिकटलेला, दोरीत तांदूळ अडकलेले.  मग माईकवाल्यानं एक दाणा उचलून सगळ्यांना दाखवला. "अक्षता बी हायत! काय भाऊ, पेटीचं लग्न लावलं का? आम्हाला पत्रिका न्हाई?"

खोलीत हसणं थांबेना. ऑक्टोपॅडवाल्यानं ढोलाचा आवाज काढून वरातीचा ठेका धरला. हे गुडघ्यावर बसलेले होते. त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं.

"कोणी टाकलं हे?"

त्या खोलीत इतके पुरुष होते आणि सगळे माझ्याकडं बघत होते. माझी मान खाली गेली, पण आवाज आला. "आत्याबाईंनी सांगितलं. पायाची माफी मागायची म्हणून."

हे खरंच होतं.

"आईनं?" ते म्हणाले. आणि परत पेटीत बघू लागले.

सेठनं विचारलं, "हे आता साफ हुतंय का? कोणाला येतंय?" दुरुस्तीवाला दसऱ्याला त्याच्या गावी गेला होता, दुकान बंद होतं. ऑक्टोपॅडवाला म्हणाला, फुंकर मारून बघा. ह्यांनी फुंकर मारली, मग रुमाल ओला करून आत फिरवला. दाराबाहेर सेठची स्कूटर उभी होती, टाकीत पेट्रोल होतं. मी मापाची टेप बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. सेठच्या बायकोनं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "बिचारीचं तोंड बघा केवढं झालं."

ह्यांनी आणखी एकदा वाजवून बघितलं. तसंच झालं.

"राहू दे," सेठ म्हणाला. "आपले पुढच्या महिन्यात कार्यक्रम हायत, मला अशी जोखीम नको. तू आता घरचं बघ." हे वायर गुंडाळू लागले तेव्हा सेठ परत बोलला, "पायडल ठेव इथं. दुरुस्त करून कीबोर्डला लावून बघतो. तुला आता त्याचं काय काम?"

ह्यांनी पायडल ठेवलं. मी सेठच्या बायकोचं माप घेतलं आणि आम्ही निघालो. बसमध्ये ते गिटार मांडीवर धरून बसले.

सासूबाई दारात वाट बघत होत्या. "ठेवलं का रे तुला?" त्यांनी विचारलं. हे त्यांना ओलांडून आत गेले, देवापुढची हळदकुंकवाची कोयरी उचलली आणि अंगणात फेकली. मग सासूबाईंकडं न बघता मला म्हणाले, "हिला सांग, माझ्याशी बोलायचं न्हाई म्हणावं."

त्यानंतर ते आईशी बोलले नाहीत. मला वाटलं होतं महिना, दोन महिने. सहा वर्षं झाली. गिटार त्यांनी देऊन टाकली. वडीगोद्रीला रस्त्यावर टायरच्या दुकानात बसू लागले. त्याच पार्टीच्या कार्यक्रमात कीबोर्डवाला पायानं ते पायडल मारतो असं कोणीतरी येऊन सांगितलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत.

माझ्याशी मात्र ते बदलले. चौथी पास हा शब्द परत त्यांच्या तोंडून आला नाही. चारचौघांत म्हणायचे, "आमच्या घरात खरं बोलणारी ही एकच." मला ऐकून बरं वाटायचं.

सासूबाई मला रोज विचारायच्या. आधी दरडावून, मग हळू. "त्याला सांग ना, मी त्याच्या भल्यासाठी केलं." मी म्हणायचे, सांगते. "सांगितलं का?" सांगितलं. "मंग काय म्हणला?" काही न्हाई. मी एकदाही सांगितलं नव्हतं. त्या ह्यांच्या ताटात भाकरी वाढायच्या तर ते उठून जायचे, म्हणून मग मीच वाढायचे. त्या चुलीजवळ बसून त्यांना जेवताना बघायच्या.

शेवटी त्या अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी मला जवळ बोलावलं. तोंडात दात नव्हते, बोलणं नीट कळत नव्हतं. म्हणाल्या, "त्याला म्हणावं, एकदा येऊन मला शिव्या दे. पण ये."

हे अंगणात सायकलची ट्यूब तपासत होते. मी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी वर बघितलं.

"काय गं?"

"संध्याकाळी भाजी कशाची करू?"

"कर काही बी. वांगी हायत का?"

"हायत."

मी आत गेले. सासूबाई दाराकडंच बघत होत्या.

"सांगितलं का?"

"सांगितलं."

"काय म्हणला?"

"येत न्हाई म्हणाले."

त्यांनी मान हलवली. "मंग ठीक हाय," म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. मातीहून आल्यावर हे ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मला विचारलं, "शेवटी माझं नाव काढलं का तिनं?"

मी म्हणाले, "न्हाई."